गुण शंभरावर साचलेत, मग सरासरी काढायची की नाही?

हळदपान (मिरज)

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय, प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे आणि संख्याशास्त्राच्या एका गाठीपाशी गाडी अडलीय. इथे जाणकार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

विषय गुडघेदुखीचा. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या पन्नाशीपुढच्या बायका, बहुतेक जणी द्राक्षबागेत नाहीतर उसात कामाला जाणाऱ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, प्रत्येकी ६० जणींचे. एका गटाला नेहमीचे व्यायाम, दुसऱ्या गटाला तेच व्यायाम आणि शिवाय दर आठवड्याला एक बैठक (एकत्र जमणं, व्यायामातली बैठक नव्हे). तीन महिन्यांनी सगळ्यांकडून मराठी एसएफ-३६ (आरोग्य आणि रोजच्या जगण्याबद्दलची ३६ प्रश्नांची, आठ भागांची प्रश्नावली) भरून घेतला, पहिली आवृत्ती.

त्यातला 'मनाच्या त्रासामुळे रोजच्या कामात अडचण' हा भाग घेते. यात हो-नाही असे तीनच प्रश्न आहेत. त्यामुळे गुण चारच होऊ शकतात: ०, ३३.३, ६६.७ आणि १००. १०० म्हणजे काहीच अडचण नाही. आकडे अजून छापायचे आहेत म्हणून थोडे गोल करून देते.

नेहमीचा गट: १०० गुण ३६ जणी, ६६.७ गुण १२, ३३.३ गुण ६, शून्य ६.
बैठकीचा गट: १०० गुण ४८ जणी, ६६.७ गुण ६, ३३.३ गुण ६, शून्य कुणीच नाही.

शापिरो-विल्क (डेटा नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा आहे का ते बघणारी टेस्ट) लावली, डेटा अर्थातच नॉर्मल नाही. गाइड म्हणाले, मग मान-व्हिटनी (दोन गटांची तुलना करणारी टेस्ट) लाव आणि मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) लिही. पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१४ आली. पण मीडियन दोन्हीकडे १००! 'दोन्ही गटांची मीडियन १०० असून फरक लक्षणीय आहे' हे वाक्य मी परीक्षकांसमोर कसं ठेवू? सरासरी बघितली तर ७६.७ आणि ९० आहे, पण एका बाजूला झुकलेल्या डेटात सरासरी द्यायची नसते असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलंय.

वारणाकाठ (शिराळा)

कम्युनिटी मेडिसिनमध्ये शिकवतो. ताई, गाइडचं बरोबर आहे. डेटा नॉर्मल नसेल तर नॉनपॅरामेट्रिक टेस्ट (नॉर्मल आकार गृहीत न धरणारी), मीडियन आणि इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या निम्म्या गुणांचा पट्टा). परीक्षक हेच शोधतात. मीडियन सारखी आली तर आली, पी व्हॅल्यू लिहून पुढे चला.

आकडेमोड (सातारा)

हळदपान, तक्ता दिलात हे फार बरं केलंत, कारण सगळं त्यातच उघड दिसतंय.

मान-व्हिटनी मीडियनची तुलना करतच नाही. ती जोड्या लावते. एका गटातली प्रत्येक बाई दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीसमोर उभी करायची, म्हणजे ६० गुणिले ६०, एकूण ३६०० जोड्या. तुमच्या तक्त्यात बैठकीवालीचे गुण जास्त आहेत अशा जोड्या १२६०, नेहमीच्या गटातलीचे जास्त आहेत अशा ५०४, आणि बरोबरीच्या १८३६. बरोबरीच्या अर्ध्या अर्ध्या वाटल्या की बैठकीच्या गटाच्या पदरात २१७८ पडतात, म्हणजे ६०.५ टक्के. बैठकीचा काहीच उपयोग नसता तर हा आकडा ५० च्या आसपास राहिला असता. तुमची ०.०१४ ही पी व्हॅल्यू या साडेसाठ टक्क्यांबद्दल बोलतेय. मीडियनशी तिचा संबंध नाही, त्यामुळे तुमच्या निकालात विसंगती अशी काही नाहीच.

दोन्ही गटांचा आकार तंतोतंत सारखा असेल आणि एक गट नुसता पुढे सरकलेला असेल, तेव्हाच मान-व्हिटनीला मीडियनच्या फरकाची टेस्ट म्हणता येतं. इथे वर शंभराचं छत आहे. निम्म्याहून जास्त बायका त्या छताला टेकलेल्या. गट सरकणार कुठे?

आता सरासरी. दोन गटांतला फरक १३.३ गुणांचा. नुसता आकडा म्हणून तो मुका वाटतो, पण जरा पायऱ्यांत मोजा. एक प्रश्न सुधारला की ३३.३ गुण वाढतात, ही एक पायरी. नेहमीच्या गटाच्या एकूण पायऱ्या १३८, बैठकीच्या १६२. म्हणजे साठ बायकांत मिळून २४ पायऱ्यांचा फरक. 'मनाच्या त्रासामुळे कामात अडचण आली का' या तीन प्रश्नांवरची चोवीस 'हो' उत्तरं 'नाही' झाली. ही गोष्ट मीडियनने पूर्ण झाकून टाकली आणि सरासरीने दाखवली.

वेल्चची टी-टेस्ट (दोन सरासरींची तुलना करणारी) लावलीत तर फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) साधारण ३.१ ते २३.६ येतो. माझ्या मते प्रबंधात मुख्य निकाल हाच हवा.

वारणाकाठ (शिराळा)

आकडेमोड सर, पायऱ्यांचा हिशेब पटला. पण टी-टेस्टला नॉर्मल डेटा लागतो हे गृहीतक मोडून चालेल कसं? तसं केलं तर उद्या विद्यार्थी कशालाही टी-टेस्ट लावतील.

आकडेमोड (सातारा)

प्रश्न रास्त आहे, म्हणून याला नीट उत्तर देतो.

नॉर्मल काय असावं लागतं? एकेकीचे गुण नव्हे. असा अभ्यास पुन्हा पुन्हा केला तर दर वेळी सरासरीतला फरक थोडा वेगळा येईल. त्या फरकांचं वाटप नॉर्मलच्या जवळपास असलं की पुरे. सेंट्रल लिमिट थिअरम आपल्याला हेच देतो. प्रश्न उरतो तो किती मोठ्या नमुन्यात. इथे आपण 'स्क्यूड' (झुकलेला) या एकाच शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी कोंबतो.

दवाखान्याचं बिल घ्या. बहुतेकांचं दोन-चार हजार, आणि एखाद्याचं आयसीयूचं काही लाख. वर मर्यादाच नाही. असा एक पेशंट नमुन्यात आला की सरासरी उडी मारते, गेला की खाली येते. तिथे साठ माणसं कमी पडू शकतात. जगण्याच्या गुणवत्तेचे, म्हणजे एसएफ-३६ सारखे गुण तसे नाहीत. ते शून्य ते शंभरच्या मध्ये कोंडलेले आहेत, शेपूट लांबायला जागाच नाही. सगळ्यात वाईट उत्तर देणारी बाईसुद्धा साठ जणींच्या सरासरीला फार तर १.७ गुणांनी हलवू शकते. त्यामुळे अशा डेटात सरासरी लवकर स्थिर होते. लमली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या डेटासंचांबद्दल हेच मांडलं: नमुना पुरेसा असेल तर टी-टेस्ट आणि साधं रिग्रेशन (एका आकड्याचा इतर घटकांशी संबंध मांडणारं समीकरण) नॉर्मल नसलेल्या डेटावरही नीट चालतं.

शापिरो-विल्कबद्दलही बोलायला हवं. ज्या मापनात चारच किमती शक्य आहेत ते नॉर्मल असू शकत नाही, हे प्रश्नावली बघूनच कळतं. त्यासाठी टेस्ट कशाला? शिवाय ती छोट्या नमुन्यात मोठा दोष सोडून देते आणि मोठ्या नमुन्यात किरकोळ दोषावर बोट ठेवते. म्हणजे जिथे काळजी घ्यायला हवी तिथे गप्प, जिथे गरज नाही तिथे आरडाओरडा. 'आधी शापिरो, मग टेस्टची निवड' हा शिरस्ता आपल्याकडच्या प्रबंधांतून जावा असं मला मनापासून वाटतं.

मान-व्हिटनीशी माझं वैर नाही. डेटा खरोखर नॉर्मल असला तरी टी-टेस्टच्या तुलनेत तिची कार्यक्षमता मोठ्या नमुन्यात साडेपंचाण्णव टक्के राहते. म्हणजे वापरून तोटा जवळजवळ नाही. तोटा वेगळाच आहे: ती पी व्हॅल्यू हातात देते आणि 'किती फरक पडला' याचं उत्तर आपण मीडियनमध्ये शोधत बसतो.

शाहूपुरी_०७ (सातारा)

लॉग ट्रान्सफॉर्म (गुणांऐवजी त्यांचा लॉगरिदम घेणं) केलं तर? आम्हाला स्क्यूड डेटासाठी तेच शिकवलं होतं.

आकडेमोड (सातारा)

इथे उपयोग नाही. लॉग उजवीकडे लांब शेपूट असलेल्या डेटासाठी, बिलासारख्या. या डेटाची शेपूट डावीकडे आहे, लॉगने आणखी झुकेल. शून्याचा लॉग निघत नाही. गुण शंभरातून वजा करून उलटे केले तरी ८४ बायका एकाच जागी साचलेल्या आहेत. कुठलंही ट्रान्सफॉर्मेशन त्यांना वेगवेगळ्या जागी बसवू शकत नाही.

बाणगंगा (आटपाडी)

मी आकडेवारीतली नाही. गावोगावी जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम करते, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहिते.

गुण शंभरावर का साचतात ते घरात बसल्यावर दिसतं. एसएफ-३६ मध्ये जिन्यावर दोन प्रश्न आहेत, अनेक मजले चढण्याचा आणि एक मजला चढण्याचा. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या घराला जिनाच नाही. 'जिना चढताना त्रास होतो का?' म्हटलं की उत्तर येतं, 'न्हाय बा, कुठला जिना?' आणि कागदावर टिक पडते 'अजिबात त्रास नाही'वर. तीच बाई उठताना जात्याला नाहीतर भिंतीला धरून उठते, मांडी घालून बसणं तिने केव्हाच सोडलंय, पंगतीत ती कडेला स्टुलावर असते. मांडी घालून बसण्याचा प्रश्न प्रश्नावलीत नाही. वाकणं-गुडघे टेकणं मिळून एक प्रश्न आहे, तेवढाच.

आणि हळदपानने दिलेला मनाच्या त्रासाचा भाग. तो विचारताना घरात कोण आहे ते फार महत्त्वाचं. मुलगा दारात उभा असेल, सून चहा ठेवत असेल, तर 'मन उदास असल्यामुळे कामं कमी केलीत का' याला 'हो' कोण म्हणणार? 'बरं हाय की, काय न्हाय' एवढंच. गोठ्याकडे जाताना त्याच बाईशी बोललं की पंधरा मिनिटं थांबत नाही. म्हणून मी हे तीन प्रश्न बाहेर ओट्यावर, दोघीच असताना विचारते.

तुमच्या टेस्ट कुठल्याही असोत, शंभरातले किती शंभर खरे आहेत हे आधी बघा एवढंच सांगायचंय.

आकडेमोड (सातारा)

बाणगंगाताई, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे. उत्तर देणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांहून जास्त लोक कमाल गुणांवर असतील तर त्याला सीलिंग इफेक्ट म्हणायची पद्धत आहे. हळदपानच्या डेटात १२० पैकी ८४, म्हणजे ७० टक्के. इतकं छत असताना कुठलीही पद्धत लावली तरी शंभरावरच्या बायकांमधला आपसातला फरक परत मिळत नाही. तो मोजलाच गेला नाही.

हळदपान, शारीरिक हालचालींच्या दहा प्रश्नांचा प्रश्ननिहाय तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात नक्की द्या. जिन्याच्या प्रश्नांवर 'त्रास नाही' भरपूर आणि वाकण्याच्या प्रश्नावर कमी असं दिसलं, तर चर्चेत लिहायला तुमच्याकडे ठोस मुद्दा असेल. पुढचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी आवृत्ती घ्यावी. तिच्यात हो-नाहीच्या जागी पाच पर्याय आहेत, त्यामुळे या तीन प्रश्नांच्या भागात चारऐवजी १३ किमती मिळतात आणि शारीरिक कारणाच्या चार प्रश्नांच्या भागात पाचऐवजी १७. छत तरीही राहतं, पण पायऱ्या बारीक होतात.

हळदपान (मिरज)

ओट्यावरचा मुद्दा वाचून थांबले. आमच्याकडे ओपीडीतच भरून घेतलं, सोबतचे नातेवाईक बाहेर बसवून. दोन्ही गटांना सारखंच, त्यामुळे तुलनेत फरक पडू नये.

गाइडना सरासरी पटवायची तर 'नॉर्मल नाही' या आक्षेपाला उत्तर म्हणून बूटस्ट्रॅप दाखवता येईल का? नाव ऐकलंय, पण नेमकं काय करतात ते सोप्या भाषेत सांगाल का?

आकडेमोड (सातारा)

नक्की दाखवता येईल, आणि तुमच्या प्रश्नाला ते अगदी चपखल आहे. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली.

नेहमीच्या गटातल्या साठ जणींचे गुण साठ चिठ्ठ्यांवर लिहून पिशवीत टाकले असं समजा. एक चिठ्ठी काढायची, गुण टिपायचे, चिठ्ठी परत पिशवीत. असं साठ वेळा. काही चिठ्ठ्या दोनदा-तीनदा येतील, काही एकदाही येणार नाहीत. सरासरी ६३ टक्के वेगवेगळ्या चिठ्ठ्यांचा नंबर लागतो. या साठ टिपलेल्या गुणांची सरासरी काढा. बैठकीच्या गटाची वेगळी पिशवी, तिथेही हेच. दोन सरासरींतला फरक लिहून ठेवा. हा झाला एक फेरा. कॉम्प्युटर असे २००० फेरे काही सेकंदांत करतो. मग ते २००० फरक चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाजूला काढायचे. मधे उरलं त्याची दोन टोकं म्हणजे तुमचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. यात नॉर्मल असण्याचं गृहीतक कुठेच आलं नाही.

शेफील्डच्या स्टीफन वॉल्टर्स आणि मायकेल कॅम्पबेल यांनी २००४ मध्ये एसएफ-३६ च्या डेटावर बूटस्ट्रॅप आणि नेहमीच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. उत्तरं जवळजवळ सारखीच आली. तुमच्या तक्त्यावरही तसंच होईल असं मी खात्रीने सांगतो, कारण साठ-साठची संख्या पुरेशी आहे. दोन्ही इंटरव्हल गाइडसमोर शेजारी ठेवा. सारखे दिसले की आक्षेप आपोआप मिटेल.

दोन गोष्टी सांभाळा. गट वेगवेगळे ठेवूनच चिठ्ठ्या काढायच्या, सगळ्या १२० एका पिशवीत टाकायच्या नाहीत. आणि एकाच बाईचे उपचाराआधीचे आणि नंतरचे गुण असतील तर चिठ्ठी बाईची असते, भेटीची नाही. ती निवडली की तिचे दोन्ही गुण सोबत यायला हवेत.

छोट्या नमुन्यात मात्र बूटस्ट्रॅपकडून अपेक्षा ठेवू नका. बारा जणींच्या गटात बाराही जणी शंभरावर असतील तर प्रत्येक फेऱ्यात सरासरी शंभरच येणार आणि इंटरव्हलची रुंदी शून्य. माहिती मुळात नाही ती चिठ्ठ्यांतून कुठून येणार?

वारणाकाठ (शिराळा)

हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखं आहे. सर, ऑर्डिनल लॉजिस्टिक (क्रमाने लागणाऱ्या पायऱ्यांसाठीचं मॉडेल) इथे बसणार नाही का? चारच पायऱ्या आहेत, मग पायऱ्यांना पायऱ्यांसारखंच वागवावं.

आकडेमोड (सातारा)

बसतं, आणि चार-पाच किमती असलेल्या भागांसाठी ते मला मनापासून आवडतं. पीटर मॅकुलॅ यांनी १९८० मध्ये प्रपोर्शनल ऑड्स मॉडेल नीट मांडलं. त्यात गट हा एकच घटक ठेवला तर त्याची स्कोअर टेस्ट म्हणजे मान-व्हिटनीच. म्हणजे सर, तुमच्या आवडत्या टेस्टचंच हे मोठं भावंड आहे. फायदा असा की आधीचे गुण, वय, असे घटक त्यात घालता येतात आणि परिणामाचा आकडाही मिळतो.

गृहीतक एकच: तक्ता कुठेही कापला तरी ऑड्स रेशो साधारण सारखा यावा (ऑड्स म्हणजे कापाच्या वरच्या संख्येला खालच्या संख्येने भागून येणारा आकडा, रेशो म्हणजे दोन गटांच्या ऑड्सचं गुणोत्तर). हे कागदावर तपासता येतं. 'पूर्ण १००' आणि 'त्याखाली' असं कापलं तर नेहमीच्या गटात ३६ विरुद्ध २४, ऑड्स १.५. बैठकीच्या गटात ४८ विरुद्ध १२, ऑड्स ४. रेशो २.६७. एक पायरी खाली कापलं तर ४८ विरुद्ध १२ म्हणजे ४, आणि ५४ विरुद्ध ६ म्हणजे ९. रेशो २.२५. सगळ्यात खालचा काप घेतला तर बैठकीच्या गटात शून्यावर कुणीच नाही, तिथे रेशो निघत नाही. पहिले दोन जवळ आहेत, मॉडेल चालून जाईल.

शारीरिक हालचालींच्या भागात मात्र २१ किमती आहेत. तिथे मी साधं रिग्रेशन घेईन, नंतरचे गुण एका बाजूला, आधीचे गुण आणि गट दुसऱ्या बाजूला, सोबत रोबस्ट स्टँडर्ड एरर (गुणांचा पसरटपणा असमान असला तरी चालणारा). नंतरचे वजा आधीचे असा नुसता बदल काढण्यापेक्षा हे बरं, कारण जी आधीच शंभरावर होती तिला वाढायला जागा नव्हती आणि नुसत्या बदलात ती 'सुधारली नाही' अशी दिसते.

कराडकर

आरोग्य अर्थशास्त्रात काम करतो, थोडी भर घालतो. आमच्याकडे एसएफ-३६ पेक्षा ईक्यू-५डी ही आरोग्याची छोटी प्रश्नावली जास्त चालते. पाच प्रश्न, तीन पर्यायांच्या आवृत्तीत २४३ अवस्था, पाच पर्यायांच्या आवृत्तीत ३१२५. प्रत्येक अवस्थेला लोकांच्या पसंतीवरून एक मूल्य, पूर्ण आरोग्याला १, मृत्यूला ०, आणि मरणाहून वाईट वाटणाऱ्या अवस्थांना ऋण मूल्य. भारताचा स्वतःचा पाच पर्यायांचा मूल्यसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने. त्यात सगळ्यात वाईट अवस्थेचं मूल्य उणे ०.९२३ आहे. आता परदेशी मूल्यं वापरण्याचं कारण उरलेलं नाही.

या डेटाचा आकार तर एसएफ-३६ हूनही विचित्र. ब्रिटनच्या तीन पर्यायांच्या जुन्या मूल्यसंचात १ नंतरचं सगळ्यात वरचं मूल्य ०.८८३. मधे काहीच नाही. आलेखात एका बाजूला १ चा उंच खांब, मग मोकळी जागा, मग पसरलेला ढीग.

तरीही आम्हाला सरासरीच लागते आणि त्याचं कारण व्यवहाराचं आहे. एखादी योजना हजार लोकांना दिली तर एकूण किती क्वाली (एक क्वाली म्हणजे पूर्ण आरोग्यातल्या एका वर्षाइतकं आयुष्य) मिळतील? सरासरी गुणिले हजार. मीडियनला हजाराने गुणून काहीच मिळत नाही. सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंटचं (उपचार आणि योजना खर्चाच्या मानाने किती उपयोगी ते तपासण्याचं) काम चालतं, तिथे हिशेब याच पद्धतीने होतो.

टोबिट मॉडेलबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. जेम्स टोबिन यांचं १९५८ चं मॉडेल असं मानतं की छताच्या वर खरी किंमत आहे, आपल्याला फक्त दिसत नाही. ईक्यू-५डी मध्ये १ म्हणजेच पूर्ण आरोग्य, तिच्या वर काही असू शकत नाही. तिथे टोबिट तत्त्वतःच बसत नाही. एसएफ-३६ मध्ये 'शंभरावरच्या सगळ्या सारख्या निरोगी नाहीत' असं म्हणता येतं, तिथे वाद घालायला जागा आहे. पण टोबिटला स्वतःलाच नॉर्मल आणि सारख्या पसरटपणाच्या एररची गरज असते, आणि ती मोडली तर उत्तर सरळ चुकतं. ज्या रोगावर औषध शोधत होतो तोच रोग परत.

विटेकर

बागायतदार आहे, हळदपानचा विषय जवळचा म्हणून वाचतोय. एक विचारतो. द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. त्यानंतरच्या विरळणीच्या दिवसांत बायका दिवसभर उभ्या असतात, हात वर. तुमची तीन महिन्यांनंतरची प्रश्नावली कुणाची या दिवसांत आली आणि कुणाची मोकळ्या दिवसांत, याचा फरक नाही का पडणार?

हळदपान (मिरज)

पडणारच, प्रश्नावलीतले बरेच प्रश्न मागच्या चार आठवड्यांबद्दल आहेत. पण चिठ्ठ्या ठरावीक संख्येच्या तुकड्यांत टाकल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक हंगामात दोन्ही गटांत जवळजवळ सारख्या बायका आल्या. तरी महिना मॉडेलमध्ये घालते.

आकडेमोड सर, 'सांख्यिकी पद्धती' या भागात काय लिहू? दोन-चार वाक्यं सुचवाल का? आणि एसएफ-३६ चे आठही भाग तपासले तर एखादा योगायोगानेच लक्षणीय निघेल, त्याचं काय?

आकडेमोड (सातारा)

असं काहीसं लिहा: 'गुणांचे वाटप कमाल मूल्याकडे झुकलेले असल्याने प्रत्येक भागासाठी गुणांचे पूर्ण वाटप तक्त्यात दिले आहे. दोन गटांच्या सरासरीतील फरक हा परिणामाचे मुख्य माप मानला असून त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल वेल्च पद्धतीने काढला आणि २००० फेऱ्यांच्या बूटस्ट्रॅपने पडताळला. पाच किंवा त्याहून कमी किमती असलेल्या भागांसाठी प्रपोर्शनल ऑड्स मॉडेलही वापरले.' मान-व्हिटनीची पी व्हॅल्यू शेवटच्या रकान्यात राहू द्या, गाइडचाही मान राहील आणि निकाल एकाच दिशेचे आहेत हेही दिसेल. मीडियन द्यायचीच असेल तर द्या, पण सरासरी आणि वाटपाच्या सोबत.

आठ भागांचं: एथिक्स कमिटीला दिलेल्या आराखड्यात मुख्य भाग कोणता लिहिला होता ते काढा. तोच मुख्य. बाकीचे सात पूरक म्हणून, इंटरव्हलसह, आणि त्यावर मोठे दावे न करता. आता आकडे बघून मुख्य भाग बदलायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

जतकर_डॉक्टर

धागा साठवून ठेवलाय. माझा प्रश्न थोडा वेगळा. जत तालुक्यात आशाताईंमार्फत मधुमेहींसाठी पाठपुराव्याचा उपक्रम आखतोय. काही गावांत उपक्रम, काही गावांत नेहमीची सेवा, आणि शेवटी ईक्यू-५डी. गुण झुकलेले असणार हे गृहीत धरलंय. मी थेट बूटस्ट्रॅप करू का?

आकडेमोड (सातारा)

डॉक्टर, तुमच्याकडे झुकलेल्या गुणांपेक्षा मोठा प्रश्न गावाचा आहे. एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात: तीच आशाताई, तेच उपकेंद्र, पाण्याची तीच ओढाताण. त्यामुळे एका गावातले पन्नास लोक म्हणजे पन्नास स्वतंत्र उत्तरं नव्हेत. व्यक्तींच्या चिठ्ठ्या काढल्यात तर इंटरव्हल खोटा अरुंद येईल. चिठ्ठी गावाची हवी. गाव निवडलं की त्यातले सगळे लोक सोबत.

पण प्रत्येक बाजूला चार-पाचच गावं असतील तर गावांचा बूटस्ट्रॅपही डळमळतो, पिशवीत चिठ्ठ्याच कमी. अशा वेळी प्रत्येक गावाची एक सरासरी काढून त्या सरासरींवर साधी टी-टेस्ट करणं जास्त विश्वासाचं. गावाच्या सरासरीचं वाटप एकेकट्याच्या गुणांइतकं झुकलेलं नसतं, हाही फायदा.

अजून आखणीच चालू आहे म्हणून सांगतो. प्रत्येक गावातले लोक कमी घ्या, पण गावं वाढवा. दहा गावांतून पन्नास-पन्नास घेण्यापेक्षा वीस गावांतून पंचवीस-पंचवीस घेतलेत तर तेवढ्याच प्रश्नावल्यांत उत्तर जास्त पक्कं मिळेल. आशाताईंच्या फेऱ्या वाढतील, तेवढं प्रवासखर्चाचं आधी बघून ठेवा.